राग उताराकडेच का वाहतो

यंदा पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या शाळेत एक मीटिंग झाली. तेव्हापासून हे सगळं डोक्यात घोळतंय, लिहीन लिहीन म्हणता सोयाबीनची सोंगणी आली, मग मळणी, मग मार्केटच्या चकरा, आता तूर फुलावर आहे आणि थोडी उसंत आहे म्हणून लिहून काढतो.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, छोटंच. जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत, मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. आठवीतल्या एका पोरानं वर्गातल्याच दुसऱ्या पोराच्या दंडात कंपासपेटीतलं कर्कटक खुपसलं. फार खोल गेलं नाही पण रक्त आलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागलं, त्या पोराची माय घाबरून गेली, साहजिकच आहे. म्हणून मीटिंग.

कर्कटक खुपसणारं पोरगं फळ्याच्या बाजूला भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा बाप वावरातून सरळ आलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास. समितीतले लोक एकामागून एक बोलले, "पोट्टं हाताबाहेर गेलं", "मोबाईलनं वाया गेलं", "घरी धाकच नाही तं काय होईन", एकानं तर सरळ सांगितलं की दाखला हातात देऊन टाका. बाप मान खाली घालून ऐकत होता, मधूनमधून "हो साहेब, चुकलं साहेब" एवढंच. मग एकदम उठला आणि पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ते दारावर जाऊन आदळलं. मग दुसरी. मग तिसरी. कोणी उठलं नाही. मी पण उठलो नाही, हे इथं लिहायलाच पाहिजे. खोलीतलं वातावरण उलट सैल झालं, कोणीतरी म्हणलं "आता सुधरते", चहा आला. एक बाई सदस्य तेवढी हळूच म्हणाली, "लेकराले पाणी तं द्या," आणि स्वतःच उठून ग्लास भरून दिला. पोरानं पाणी घेतलं नाही. बाहेर व्हरांड्यात शाळेतलं एक कुत्रं कायम झोपलेलं असतं, जाताना त्या पोरानं त्याच्या पोटात लाथ घातली. कुत्रं केकाटत पळालं, आम्ही आत चहा पीत होतो.

आता बघा, मीटिंग भरली कशासाठी, तर एकानं दुसऱ्याला मारलं म्हणून. आणि संपली कधी, तर मोठ्यानं लहान्याला मारलं तेव्हा, आणि आम्हा बारा-तेरा जाणत्या माणसांना ते न्याय झाल्यासारखं वाटलं. पोरानं असं का केलं हे त्या पूर्ण तासात एकानंही विचारलं नाही. मला ते नंतर कळलं. चार दिवस आधी फायनान्सवाल्यांनी त्यांचा ट्रॅक्टर घरासमोरून ओढून नेला होता, सगळ्या आळीनं पाहिलं होतं. वर्गात दुसरं पोरगं म्हणालं, "आता पोळ्याले तुह्या बापाले जुंपजो बे." त्याच्यावर पोरं हसली. तेवढंच झालं होतं.

आपल्याकडं रागाचा एक नियम आहे, तो कुठंच लिहिलेला नाही पण तीन वर्षांच्या लेकराला पण पाठ असतो. राग वरच्यावर काढायचा नाही, खालच्यावर काढायचा. फायनान्सवाल्यासमोर, बँकेतल्या काउंटरसमोर, मार्केटमध्ये भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यासमोर, तलाठ्यासमोर आपण राग गिळतो, आणि काय सुंदर गिळतो, चेहऱ्यावर रेघ उमटत नाही. म्हणजे राग आवरता येतो आपल्याला, नक्की येतो. तोच माणूस घरी येतो, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो आणि म्हणतो माझा स्वभावच तापट आहे, मला राग आवरत नाही. स्वभाव असता तर बँकेत पण आवरला नसता ना. राग पाण्यासारखा उताराकडं वाहतो, साहेबाकडून बापाकडं, बापाकडून मायकडं आणि पोराकडं, पोराकडून लहान्या बहिणीकडं नाहीतर कुत्र्याकडं. म्हणून "संस्कार कमी पडले" असं कोणी म्हणलं की मला पटत नाही. त्या पोरानं संस्कार अगदी बरोबर उचललेत, जे घरात नि गावात दिसलं तेच शिकलं.

माझी भाची अमरावतीला सायकॉलॉजी शिकते. मीटिंगची गोष्ट तिला फोनवर सांगितली तर ती चिडलीच, म्हणाली, "मामा, तुम्ही बसून पाहत होता?" मग तिनं वाचायला बरंच काही पाठवलं, काही समजलं, काही तिच्याकडून समजून घेतलं. १९६१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा नावाच्या माणसानं ७२ लहान लेकरांवर एक प्रयोग केला होता. हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला एक मोठा माणूस लाथाबुक्क्या घालतो, हातोडीनं मारतो, लेकरं नुसती पाहतात. नंतर त्या लेकरांना तशाच बाहुल्यापाशी सोडलं तर त्यांनीही तसंच धोपटलं, तेच शब्द वापरून. ज्यांनी शांत माणूस पाहिला त्यांनी एवढं केलं नाही. कोणी शिकवायला बसलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. आपण वर्षानुवर्षं पोरांना दाखवतोय काय, याचा विचार करून मला त्या रात्री झोप आली नाही.

"आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय वाईट झालं?" हे वाक्य आमच्या पानठेल्यावर रोज ऐकू येतं आणि मी स्वतः हजारदा बोललो आहे. त्याला उडवून लावत नाही मी, कारण त्यात अर्धं खरं आहे. जेनिफर लँसफोर्ड नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००५ मध्ये सहा देशांतल्या आया आणि लेकरांना विचारून एक अभ्यास छापला, चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड. त्यात असं निघालं की जिथं मारणं सगळीकडं चालतं तिथं मार खाणाऱ्या लेकरावर त्याचा वाईट परिणाम थोडा कमी होतो, कारण त्याला वाटतं सगळ्यांनाच पडते, मलाच नाही. पण कमी होतो म्हणजे नाहीसा होत नाही, हे दुसरं अर्धं आपण कधी बोलत नाही. तिथंही जास्त मार खाणारी लेकरं जास्त मारकुटी आणि जास्त भेदरलेली होती. गावातल्या ज्या लोकांचं काही वाईट झालं नाही असं आपण म्हणतो त्यांच्या बायकांना एकदा विचारून पाहा.

मी माझ्या पोराला दोन वर्षांपूर्वी थ्रेशरपाशी मारलं होतं. पट्टा निसटला, त्याची चूक होती की नव्हती ते आजही मला माहीत नाही, त्या दिवशी सोयाबीनचा भाव ऐकून डोकं सटकलेलं होतं आणि समोर ते होतं. चार मजूर पाहत होते. ते चौदा वर्षांचं पोरगं रडलं नाही, पट्टा परत बसवला, काम पुरं केलं आणि त्यानंतर सहा महिने माझ्याशी फक्त हो आणि नाही यातच बोललं. मला वाटलं सुधारलं. आमच्यात पोरगं गप्प झालं की सुधारलं असंच समजतात.

जनावरांच्या बाबतीत आपण किती शहाणे आहोत बघा. नवा गोऱ्हा शिकवायचा असला की त्याला कोणी दुसऱ्या गोऱ्ह्यासोबत जुंपत नाही, जुन्या, थंड डोक्याच्या बैलासोबत जुंपतात. आधी मोकळं जू मानेवर, मग रिकामी गाडी, मग हलकं काम. पहिल्याच दिवशी तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचली तर तो आयुष्यभर बुजतो नाहीतर मारका होतो हे माझ्या आज्यापासून सगळ्यांना माहीत आहे. आणि चौदा वर्षांच्या पोराला मात्र आपण सरळ तुतारीच टोचतो आणि मग म्हणतो मारकं झालं. या वयात डोक्यातला राग उठवणारा भाग जोरात असतो आणि थांब, विचार कर असं सांगणारा कपाळामागचा भाग अजून पिकत असतो, तो पूर्ण पिकायला पंचविशी उजाडते असं डॉक्टर लोक सांगतात. म्हणजे इंजिन आलं, ब्रेक यायचेत. तोवर ब्रेक कोणाचा, तर शेजारी जुंपलेल्या जुन्या बैलाचा. तोच जर उधळत असेल तर गाडी कुठं जाईल?

मोबाईलचं सगळे म्हणतात म्हणून दोन शब्द. मोबाईल निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रिल्स पाहून झोप न झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी चिडचिड करणारच. पण घराघरात मोबाईलवरून जे होतं ते नीट पाहा. पोरगं मोबाईल मागतं, माय नाही म्हणते, पोरगं ओरडतं, माय वैतागून देऊन टाकते. पोरगं शिकलं की ओरडलं की मिळतं. दुसऱ्या दिवशी बाप येतो, पोरापेक्षा दुप्पट मोठ्यानं ओरडतो, पोरगं चूप बसतं. बाप शिकला की ओरडलं की ऐकतं. जेराल्ड पॅटरसन नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञानं १९८२ च्या आसपास नेमकं हेच चक्र मांडून ठेवलं आहे, तेव्हा मोबाईल कुठं होता? मोबाईलच्या जागी तेव्हा दुसरं काही असेल.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बापावरून डिवचणं. आमच्या पोरांच्या भांडणात शंभरातली नव्वद भांडणं कोणी कोणाला काय म्हणलं यावरची असतात. नजर लावून काहून पाहिलं, स्टेटस कोणासाठी ठेवलं, गणपतीच्या मिरवणुकीत धक्का काहून मारला. ठसन दिली, मॅटर झाला, मग चार पोरं बाईकवर दुसऱ्या गावात. १९९० च्या दशकात अमेरिकेत निस्बेट आणि कोहेन या दोघांनी एक प्रयोग केला, कॉलेजच्या पोराला कॉरिडॉरमध्ये मुद्दाम धक्का द्यायचा आणि शिवी हासडायची. उत्तरेकडच्या पोरांनी बहुतेक हसण्यावारी नेलं. दक्षिणेकडच्या पोरांच्या थुंकीत टेन्शनचे आणि मारामारीच्या तयारीचे हार्मोन वाढलेले सापडले. रक्त तेच, देश तोच, फक्त एका भागात लहानपणापासून शिकवलेलं की अपमान सहन केला तो माणूस नाही. हे वाचून मला आमचा पानठेलाच डोळ्यासमोर आला, खर्रा घोटत बसलेली सतरा-अठरा वर्षांची पोट्टी आणि त्यांना "तू काहीच नाही केलं बे?" असं विचारणारे तीस-पस्तीसचे बाप्पे. ते विचारणं थांबलं पाहिजे. पोराकडं जमीन नाही, नोकरी नाही, बापाचं कर्ज आहे, शाळेत पहिल्या बाकावर जागा नाही, मग इज्जत म्हणून त्याच्याजवळ एकच गोष्ट उरते, की मला कोणी काही म्हणलं तर मी सोडत नाही. तीही सोड असं नुसतं सांगून तो सोडणार नाही, बदल्यात दुसरी काही इज्जत द्यावी लागेल.

"आपली संस्कृतीच अशी आहे, पुरुष तापट असणारच" हे जे म्हणतात ना, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. नेपाळच्या डोंगरात पामेला कोल या बाईंनी तिथल्याच सोबत्यांना घेऊन अभ्यास केला. ब्राह्मणांची वस्ती आणि तामांग लोकांची वस्ती, एकाच देशातली. लेकरू चिडलं की तामांग मोठी माणसं त्याला दटावतात, पण लेकरू शरमलं, खजील झालं की जवळ घेतात, समजावतात. ब्राह्मणांच्या वस्तीत उलट, चिडलेल्या लेकराला समजावतात, लाड करतात आणि शरमलेल्याकडं लक्ष देत नाहीत. म्हणजे कोणत्या भावनेला घरात जागा द्यायची हे माणसं ठरवतात, ते आभाळातून पडत नाही. तिकडं कॅनडाच्या उत्तरेला बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांमध्ये जीन ब्रिग्ज नावाच्या बाई १९६३ ते १९६५ राहिल्या. तिथं मोठ्या माणसानं चिडणं म्हणजे तो अजून लेकरूच आहे असं समजतात. बाहेरून आलेल्या गोऱ्या लोकांनी वस्तीतली एक होडी खराब केली आणि दुसरी मागू लागले तेव्हा ब्रिग्जबाई वस्तीच्याच बाजूनं त्यांच्यावर भडकल्या, तर वस्तीनं कित्येक महिने बाईंनाच बाजूला पाडलं. एवढं कडक मला झेपणार नाही आणि आपल्याला ते पाहिजेही नाही, फायनान्सवाल्यावर राग यायलाच पाहिजे. पण लेकरू शांत असताना खेळात, नाटकात, "मारलं तर समोरच्याला कसं लागतं" हे दाखवून द्यायची त्यांची पद्धत मला फार आवडली. आपण शिकवतो ते नेमकं भडका उडालेला असताना, तेव्हा कोणाच्या कानात काय शिरणार?

दुसरा एक सल्ला आजकाल मिळतो, की राग आत ठेवू नका, काढून टाका, उशीला बुक्क्या मारा. यावर मी बरंच थांबून विचार केला, कारण माझ्या मामाचं गाव भंडाऱ्याकडचं, लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पहाटे मारबत, म्हणजे गावावरची पीडा घेऊन जाणारा पुतळा, घेऊन गावाबाहेर जायचो आणि गळा फुटेपर्यंत ओरडायचो, घेऊन जा गे मारबत, आणि परत येताना खरंच हलकं वाटायचं. मग ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग वाचला. ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर बुक्के मारायला लावले. त्यांचा राग कमी झालाच नाही, तेच सगळ्यात जास्त चिडलेले राहिले, आणि जे नुसते गप्प बसून होते ते जास्त शांत होते. मग मारबतीनं हलकं काहून वाटायचं? मला आता वाटतं ते ओरडण्यामुळं नव्हतंच. अख्खं गाव एकत्र चालत होतं, ज्याचा त्रास आहे त्याचं नाव घेतलं जात होतं, महागाई, रोगराई, भ्रष्ट पुढारी, आणि गावाबाहेर जाऊन ते संपवून परत यायचं होतं. कोणी घरी येऊन बायकोला मारबत समजत नव्हतं. नागपुरात बडगे, म्हणजे पुढाऱ्यांचे नि महागाईचे पुतळे, निघतात त्यातही हेच आहे, राग वरच्यावर काढायची ती वर्षातली एकमेव परवानगी. रागाचं नाव घ्यायला जागा पाहिजे, बुक्क्या मारायला नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

पोरींबद्दल आत्तापर्यंत काहीच लिहिलं नाही, मुद्दाम नाही, आपलं लक्षच तिकडं जात नाही. पोरगं चिडलं तर मीटिंग भरते, पोरगी चिडली तर तिला सांगतात सासरी असं चालणार नाही. मग ती चिडत नाही. तिचं पोट दुखतं, डोकं दुखतं, जेवण सुटतं, हाताला नखं लावते, आणि दाखवायला नेलं की कोणी म्हणतं बाहेरचं आहे. राग दाबून ठेवणं वाईटच असं मी म्हणत नाही, भाचीनं सांगितलं की आशियाई वळणात वाढलेल्या बायांवर भावना न दाखवण्याचा परिणाम पाश्चात्त्य वळणाच्या बायांइतका वाईट दिसत नाही असं एका अभ्यासात निघालं आहे, नातं सांभाळायला माणूस स्वतःहून चूप बसतो तेव्हा त्याला ते जमतं. पण स्वतःहून चूप बसणं वेगळं आणि तोंड उघडायला घरात एकही माणूस नाही म्हणून चूप बसणं वेगळं. शांत पोरगी म्हणजे बरी पोरगी हा हिशोब आपण सोडला पाहिजे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, फवारणीचं औषध घरात पलंगाखाली, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, पेटीत कुलूप लावून ठेवा आणि चावी आपल्याजवळ ठेवा. रागाचे ते दहा मिनिटं निघून जातात, त्या दहा मिनिटांत हाताला काय लागतं यावर सगळं असतं.

हे सगळं लिहिताना मला त्या बापाला आरोपी करायचं नाही. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, वर्धा, या सहा जिल्ह्यांचं नाव देशात कशासाठी घेतलं जातं ते सांगायची गरज नाही. ज्याचा ट्रॅक्टर नेला, ज्याला सगळ्यांसमोर "हो साहेब" म्हणायला लागलं, त्याच्या हाताला मीटिंगमध्ये चेव आला तर त्याचं मूळ त्या खोलीच्या बाहेर आहे. शेतमालाला भाव आणि कर्जाची सोय हा पोरांच्या वागणुकीचा पण प्रश्न आहे, हे शिक्षण खात्यानं नाहीतर आरोग्य खात्यानं कधी एका कागदावर मांडलेलं मी पाहिलं नाही. पण भाव सुधारेपर्यंत पोरगं आठवीतून कुठल्या कुठं गेलेलं असेल, म्हणून थांबून चालत नाही.

आणि आमच्या भागात माणसं बोलत नाहीत, मनातलं सांगत नाहीत, असं जे म्हणतात ते खरं नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी जाऊन डिप्रेशनबद्दल बोलायचं, समुपदेशन करायचं. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदतीसाठी कोणाकडं गेले होते, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले. मोठे डॉक्टर आणून नाही, गावातल्या माणसाशी बोलून. सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सुरू झाला. पण हे सगळं मोठ्यांसाठी. १० ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, आपल्याकडं त्याचं मैत्री क्लिनिक दवाखान्यात असतं. माझ्या गावातल्या एकाही पोराला मैत्री क्लिनिक काय असतं हे माहीत नव्हतं, मी विचारून पाहिलं. तालुक्याला जायला एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, माय रोजी पाडून नेणार का, आणि नेलं तर गावात पागल म्हणून नाव पडेल ही भीती. फोनवर तरी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला एक डबा रंग लागतो.

हे थोड्याच पोरांचं आहे असं वाटत असेल तर, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्क्यांना काही ना काही मानसिक त्रास सापडला. महाराष्ट्र त्यात नव्हता. चाळीस पोरांच्या वर्गात तीन. आपल्या भाषेत ते तिघं "वाया गेलेले" असतात.

मला काय पाहिजे ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, शाळेत लेकराला मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्हीला बंदी, २०१० पासून. कलम १६ आहे, आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, म्हणजे आमच्या समितीत दाखला द्या म्हणणारा माणूस कायद्याच्या विरुद्ध बोलत होता आणि आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं. कलम २१ नं समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के बाया पाहिजेत, त्या बाया आमच्याकडं सहीपुरत्या येतात. ज्या बाईनं पाणी दिलं तिला मी नंतर विचारलं की तुम्ही बोलल्या काहून नाही, ती म्हणाली, "भाऊ, बोलाची सवय नाही न."

आणि पोरांना संध्याकाळी बसायला पानठेल्याशिवाय दुसरी जागा पाहिजे. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची, मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गावोगावी लावून दिलेली, सगळे एका ओळीत बसायचे, पाटील पण आणि सालदार पण, अर्धा तास कोणी कोणावर ओरडायचं नाही. मी लहानपणी कंटाळायचो तिथं. पण मोठा माणूस चूपचाप शांत बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा तिथंच पाहिला. आता त्या ओट्यावर सात-आठ म्हातारे उरलेत. तिथं परत जायचं की कबड्डीचं ग्राउंड आखायचं, मला दोन्ही चालतं, अट एकच की पोरांसोबत तिथं मोठी माणसं पाहिजेत आणि ती न ओरडणारी पाहिजेत.

मी माझ्या पोराशी बोललो. दिवाळीच्या आधी, मोटर चालू करायला रात्री दोघंच वावरात गेलो होतो, लाईन यायची वाट पाहत बांधावर बसलो होतो. त्याला म्हणलं, थ्रेशरपाशी तुला मारलं ते माझं चुकलं, तुझ्यावर राग नव्हताच, भावाचा होता. आमच्या घराण्यात कोण्या बापानं पोराला असं म्हणलं असेल असं मला वाटत नाही, माझी जीभ जड झाली होती. त्यानं बराच वेळ काहीच म्हणलं नाही, बॅटरी चालू-बंद करत बसला. मग म्हणाला, "मले तवाच समजलं होतं." बस एवढंच. लाईन आली, मोटर सुरू केली आणि घरी आलो.

गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला. शाळेच्या आवारात लेकरावर कोणी हात उचलायचा नाही, गुरुजींनी नाही आणि बापानंही नाही. काही झालं तर आधी एक गुरुजी आणि एक बाई सदस्य त्या लेकराशी वेगळं बसून बोलतील, मगच मीटिंग भरेल. दाखल्याचा विषय काढायचा नाही. दोघांनी विरोध केला, म्हणाले अशानं पोरं डोक्यावर बसतील, एकजण तर उठून गेला. मुख्याध्यापक सरांनी बाजू घेतली आणि पाणी देणाऱ्या त्या बाईनं अनुमोदन दिलं, पहिल्यांदाच बोलली. ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून झाला आहे, चार सह्या अजून बाकी आहेत, त्यातली एक त्या पोराच्या बापाला पण करायला सांगितली आहे, तो समितीत नाही तरी. तो म्हणाला कापूस वेचून झाला की येतो.